भिडू आधी, ॲप नंतर : फोन आणि टॅबवर पटाचे खेळ कसे सुरू करावेत

सांगलीला बुद्धिबळाची पंढरी म्हणतात ते उगाच नाही. भाऊसाहेब पडसलगीकरांनी १९४१ मध्ये इथे नूतन बुद्धिबळ मंडळ सुरू केलं. त्याच परंपरेत वाढलेल्या भाग्यश्री साठे-ठिपसे पाच वेळा राष्ट्रीय महिला विजेत्या झाल्या, आणि सांगलीच्याच स्वाती घाटे महिला ग्रँडमास्टर. अशा गावात पटावर कसं बसायचं हे कुणाला शिकवावं लागत नाही. पण तोच पट फोनवर किंवा टॅबवर मांडायचा म्हटलं की चांगली जाणती माणसंही अडखळतात. प्ले स्टोअर उघडतात, ‘लुडो’ किंवा ‘चेस’ टाइप करतात, सगळ्यात वर जे दिसेल ते उतरवून घेतात आणि दर डावाला येणाऱ्या जाहिरातींना वैतागून दोन दिवसांत काढून टाकतात. मग फोनवरचे खेळ म्हणजे वेळेचा चुराडा, हे मत कायमचं होऊन बसतं.

मला हे मत पटत नाही. पटावरचे कितीतरी चांगले खेळ स्क्रीनवर अतिशय नीट उतरले आहेत. फक्त सुरुवात ॲपपासून करू नका. आधी भिडू ठरवा, मग खेळ निवडा, ॲप सगळ्यात शेवटी. पुढे याच क्रमाने सांगतो.

कोणाबरोबर खेळणार?

हा प्रश्न साधा वाटतो, पण बाकीचं सगळं यावर ठरतं.

भिडू घरातच असेल, म्हणजे जेवणं झाल्यावर दोघं-चौघं एका टॅबभोवती बसणार असाल, तर एकाच टॅबवर आळीपाळीने खेळायची सोय असलेला खेळ हवा. ॲपमध्ये ती ‘पास अँड प्ले’ किंवा ‘लोकल’ या नावाखाली सापडते. याला बहुतेक वेळा इंटरनेटही लागत नाही. भिडू लांब असेल, मुलगी बंगळुरूला किंवा भाचा पुण्याला, तर दोघांच्या फोनवर चालणारा आणि सवडीने खेळता येणारा खेळ बघा. एकजण आयफोनवाला आणि दुसरा अँड्रॉइडवाला असेल तर खेळ दोन्हीकडे चालतो का आणि एकमेकांशी जोडतो का, हे आधी तपासा. इथेच बरेच जण पैसे भरून बसतात. आणि भिडूच नसेल, मिरज जंक्शनवर गाडीची वाट बघत एकट्यानेच खेळायचं असेल, तर संगणक प्रतिस्पर्धी चांगला आहे की नाही, एवढंच महत्त्वाचं.

तिन्ही गोष्टी एकाच ॲपमध्ये मिळाल्या तर उत्तमच. बुद्धिबळाच्या बाबतीत तशा त्या मिळतात.

खेळ निवडताना

ज्यांना बुद्धिबळाच्या चाली येतात त्यांनी पहिला खेळ बुद्धिबळच घ्यावा, म्हणजे नवं शिकायचं ते फक्त स्क्रीनचं राहतं. यासाठी मी बिनदिक्कत लिचेस सुचवतो. हे ॲप पूर्ण मोफत आहे, जाहिराती नाहीत, आणि ‘पुढची पातळी उघडायला पैसे भरा’ हा प्रकारच नाही. लोकांच्या देणग्यांवर ते चालतं. २०१० मध्ये फ्रान्समधल्या तिबो द्युप्लेसी यांनी ते सुरू केलं. संगणकाशी खेळायला १ ते ८ अशा पातळ्या आहेत. नवख्याने पहिलीपासूनच चढावं, लाज कसली! शिवाय ‘दोन चालींत मात करा’ या धर्तीची कोडी हवी तितकी सोडवता येतात. रोज थोडी कोडी सोडवणारं मूल महिन्याभरात शह आणि मात यांच्यापलीकडचं बघायला लागतं, हे मी स्वतः पाहिलं आहे.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. स्क्रीनवरचा पट वरून दिसतो, खरा पट समोरून. फक्त स्क्रीनवर शिकलेल्या मुलाला स्पर्धेत उभे हत्ती-उंट एकमेकांच्या आड दिसायला लागले की ते गोंधळतं. शिवाय ॲपमध्ये मोहऱ्याला बोट लावून सोडून देता येतं. खऱ्या पटावर हात लावला की तोच मोहरा खेळावा लागतो. म्हणून मूल शिकत असेल तर टॅबशेजारी लाकडी पट ठेवा आणि स्क्रीनवरचं कोडं त्यावर मांडून सोडवायला लावा.

दुसरा खेळ लुडो. आपल्या पचिशीवरूनच लुडो झाला आणि १८९६ मध्ये इंग्लंडमध्ये त्याचं पेटंट घेतलं गेलं. त्यामुळे घरातल्या आजींनाही तो दोन मिनिटांत कळतो. नवी मुंबईच्या गेमशन कंपनीचं ‘लुडो किंग’ २०१६ मध्ये आलं आणि २०२० च्या लॉकडाउनमध्ये घराघरांत पोचलं. एका टॅबवर बसून, इंटरनेट बंद ठेवूनही ते खेळता येतं आणि तसंच खेळावं असं माझं मत आहे. त्यामुळे अनोळखी लोकांशी गाठ पडत नाही आणि जाहिरातींचा त्रासही कमी होतो.

कॅरमचं मात्र तसं नाही. बोटाच्या टोकात जी ताकद आणि नजाकत असते ती काचेवर येत नाही. फोनवरचा कॅरम हा नेम धरायचा वेगळाच खेळ आहे. घरात बोर्ड असेल तर पावडर टाका आणि तोच खेळा.

आता ज्यांना नवं काही हवं त्यांच्यासाठी. जगभर गेल्या तीसेक वर्षांत पटखेळांची एक नवी पिढी आली आहे. त्यांच्या खऱ्या पेट्या आपल्याकडे महाग पडतात आणि सांगलीतल्या दुकानात सहसा दिसतही नाहीत. फोनवर त्या आवाक्यात येतात. सुरुवातीला मी ‘कार्कासोन’ सांगेन. क्लाउस-युर्गन व्रेडे या जर्मन माणसाने २००० मध्ये काढलेला हा खेळ. पटच नसतो यात! ७२ चौकोनी फरशा असतात. कुणावर रस्ता, कुणावर शहराची तटबंदी, कुणावर मठ. पाळी आली की एक फरशी उचलायची आणि आधीच्या फरशांना अशी जोडायची की रस्त्याला रस्ता आणि तटाला तट लागेल. मग हवा तर त्या फरशीवर आपला एक गडी उभा करायचा. रस्ता पूर्ण झाला की दर फरशीला १ गुण, शहर पूर्ण झालं की दर फरशीला २, मठ चारही बाजूंनी आणि कोपऱ्यांनी वेढला गेला की ९. मैदानात आडव्या झोपवलेल्या गड्यांचे, म्हणजे शेतकऱ्यांचे, गुण शेवटी मोजतात, त्या मैदानाला लागून असलेल्या पूर्ण झालेल्या प्रत्येक शहराचे ३. खऱ्या पेटीत हीच मोजणी डोकेदुखी होते आणि भांडणं लागतात. ॲप ती स्वतः करतं, आणि फरशी कुठे बसू शकते त्या जागाही उजळून दाखवतं. सुरुवातीच्या डावांत शेतकरी ठेवूच नका. रस्ते, शहरं, मठ एवढंच खेळा. बाकीचं आपोआप कळत जातं.

रेल्वेची आवड असेल तर ॲलन मून यांचा २००४ चा ‘तिकीट टू राइड’ घ्या. रंगीत पत्ते साठवायचे आणि नकाशावर एका गावापासून दुसऱ्या गावापर्यंत आपले डबे मांडायचे. प्रत्येकाकडे ४५ डबे. एका डब्याच्या मार्गाला १ गुण, तर सहा डब्यांच्या मार्गाला तब्बल १५. त्यामुळे लांबचा मार्ग पकडायचा की छोटे छोटे जोडत जायचं, हा हिशेब सतत डोक्यात चालू राहतो. हा खेळ फोनपेक्षा टॅबवर खुलतो. नकाशा मोठा असतो आणि फोनवर सारखं चिमटीने लहान-मोठं करत बसावं लागतं.

उतरवण्याआधी दोन मिनिटं थांबा

खेळाचं नाव टाकलं की सारख्याच चित्राची चार-पाच ॲप समोर येतात. नावाखाली बारीक अक्षरात बनवणाऱ्या कंपनीचं नाव असतं, ते वाचा. त्याच्या जवळच जाहिराती आहेत का, ॲपच्या आत खरेदी आहे का, हेही लिहिलेलं असतं. शेवटचं अपडेट कधी आलं ते बघा. काही वर्षं हात न लागलेलं ॲप तुमच्या नव्या फोनवर चालेलच असं नाही. २०१७ मध्ये आयफोनच्या आतल्या प्रणालीची (आयओएस) अकरावी आवृत्ती आली तेव्हा जुन्या पद्धतीने बनवलेली असंख्य ॲप, विकत घेतलेल्या पटखेळांसकट, एका अपडेटमध्ये बंद पडली होती.

जागा किती लागते ते पाहा. बुद्धिबळ कुठल्याही फोनवर मावतं. पण चित्रमय खेळ कधीकधी एक जीबीच्याही वर जातात, आणि फोन आधीच लग्नाच्या व्हिडिओंनी भरलेला असतो.

आणि व्हॉट्सॲपवर आलेल्या लिंकवरून खेळ कधीही उतरवू नका. ‘इथून एपीके (म्हणजे प्ले स्टोअरबाहेरून येणारी ॲपची फाइल) घ्या, जाहिरात नाही, सगळं अनलॉक’ असं कुणी कितीही आपुलकीने पाठवलं तरी नाही. त्याच फोनमध्ये तुमचं यूपीआय असतं.

टॅब मधोमध ठेवून खेळताना

टॅब हातात धरून एकमेकांकडे देण्यापेक्षा जमिनीवर किंवा टीपॉयवर सपाट ठेवा. ट्यूबलाइट बरोबर डोक्यावर असेल तर समोरच्याला नुसती चमक दिसते. टॅब थोडा सरकवला की काम होतं. स्क्रीन आपोआप बंद व्हायची वेळ वाढवून १० मिनिटं करा, नाहीतर आजोबा विचार करत असताना पट काळा होतो आणि त्यांना वाटतं आपण काहीतरी बिघडवलं. ‘डू नॉट डिस्टर्ब’ चालू करा. हे विसरलात तर टॅब सासूबाईंच्या समोर असताना तुमच्या मैत्रिणीचा मेसेज वरून खाली उतरतो.

बुद्धिबळ समोरासमोर बसून खेळत असाल तर समोरच्याचे मोहरे त्याच्या बाजूने सुलटे दिसावेत अशी सेटिंग लिचेसमध्ये आहे. ती लावली की मान वाकडी करावी लागत नाही. ज्या खेळात पत्ते लपवायचे असतात त्यात पाळी बदलताना ॲप मध्ये एक कोरा पडदा दाखवतं. पुढचा भिडू ‘मी तयार’ म्हणून टिचकी मारेपर्यंत पत्ते दिसत नाहीत. लहान मुलांना हे आधी समजावून सांगा, म्हणजे ‘तू माझे पत्ते बघितलेस’ हा वाद मिटतो.

सांगलीकरांनी भडंगाची वाटी बाजूला ठेवावी. तेल-मसाल्याचं बोट स्क्रीनवर नीट सरकत नाही, घोडा भलत्याच घरात जाऊन बसतो आणि बऱ्याच ॲपमध्ये खेळी परत घेता येत नाही. ओला रुमाल एकजण, कोरडा एकजण अशी वाटणी आमच्याकडे ठरलेली असते.

लांबच्या माणसाशी, सवडीने

फोनवरच्या पटखेळांचा खरा फायदा मला विचाराल तर हा. दोघांनी एकाच वेळी बसायची गरज नाही. तुम्ही सकाळी चहा घेताना खेळी करायची, भाच्याने ऑफिसातून सुटल्यावर उत्तर द्यायचं. डाव आठवडाभर चालू द्यावा. पूर्वी पोस्टकार्डावरून बुद्धिबळ खेळत, तोच हा प्रकार, फक्त टपाल लगेच पोचतं.

लिचेसवर हे असं करा. दोघांनी खाती उघडा. त्यासाठी नाव, पासवर्ड आणि ईमेल पुरतो. मित्राला आव्हान द्यायचा पर्याय निवडा आणि घड्याळाच्या जागी ‘करस्पाँडन्स’ घ्या. एका खेळीला किती दिवस ते विचारलं जाईल: १, २, ३, ५, ७, १० किंवा १४. नवख्यांनी ३ दिवस घ्यावेत. एका दिवसाची मुदत घेतली की लग्नसराईत डाव हातचा जातो, आणि चौदा दिवसांत समोरच्याला आपण काय ठरवलं होतं तेच आठवत नाही. आव्हानाची लिंक तयार झाली की ती भाच्याला व्हॉट्सॲपवर टाका. त्याने ती उघडून स्वीकारली की डाव सुरू.

इतर खेळांसाठी ‘बोर्ड गेम अरीना’ हे ठिकाण उत्तम. हेही २०१० मध्ये फ्रान्समध्येच सुरू झालं. फोनच्या ब्राउझरमध्येच चालतं, वेगळं काही उतरवावं लागत नाही, आणि तिथे हजाराहून जास्त पटखेळ आणि पत्त्यांचे खेळ आहेत. खातं मोफत उघडता येतं. काही खेळांचं टेबल उघडायला सशुल्क सदस्यत्व लागतं, पण टेबल उघडणारा एकजण सदस्य असला की बाकीचे मोफत येऊन बसू शकतात. म्हणजे घरातल्या एकाने सदस्यत्व घेतलं तरी सगळ्या भावंडांचं भागतं. बऱ्याच खेळांना तिथे शिकवणीचा डावही आहे. तो टाळू नका. नियमांचं पान वाचण्यापेक्षा तो शंभर पटीने बरा. टेबल उघडताना ‘टर्न बेस्ड’ आणि दिवसाला एक खेळी असा वेग निवडा.

दोन अडचणी हमखास येतात. पहिली, सूचनाच येत नाही. अनेक अँड्रॉइड फोन बॅटरी वाचवण्यासाठी मागे पडलेली ॲप झोपवून टाकतात. सेटिंगमध्ये जाऊन त्या ॲपच्या बॅटरीचा पर्याय ‘अनरिस्ट्रिक्टेड’ करा आणि सूचनांना परवानगी द्या. दुसरी अडचण वळवाच्या दिवसांतली. संध्याकाळी वारा सुटतो, वीज जाते, राउटर बंद पडतो आणि घड्याळ लावून खेळत असाल तर वेळ संपून डाव जातो. म्हणून एप्रिल-मे महिन्यात घड्याळाचे डाव मोबाइल डेटावर खेळा किंवा सरळ सवडीचेच डाव घ्या.

हरायला लागलं की नेट बंद करून पसार होणं हा रडीचा डाव आहे. समोर दिसत नसला तरी पलीकडे माणूस बसलेला असतो. हार मान्य करायचं बटण असतं, ते दाबावं आणि ‘छान खेळलास’ असं लिहावं. मुलांना हे पहिल्या दिवसापासून लावा.

पैसे आणि मुलं

पटखेळात दोन प्रकारचे पैसे असतात. एकदा किंमत मोजून खेळ कायमचा घेणं हा सरळ व्यवहार. कार्कासोनसारखे खेळ बहुतेक असे मिळतात आणि डिसेंबरच्या सुमारास त्यांच्यावर चांगली सूट असते. दुसरा प्रकार खेळाच्या आत पुन्हा पुन्हा विकल्या जाणाऱ्या नाण्यांचा, हिऱ्यांचा, ‘थोडेच शिल्लक’ म्हणून घाई लावणारा. याच्या वाटेला नवख्यांनी जाऊ नये. घेतलेला खेळ आवडला नाही किंवा चाललाच नाही तर ४८ तासांच्या आत प्ले स्टोअरकडे पैसे परत मागा. फॅमिली ग्रुप केलात तर एकदा विकत घेतलेलं ॲप घरच्या आणखी पाच जणांना वापरता येतं. ॲपच्या आत केलेली खरेदी मात्र वाटली जात नाही.

पैसे लावून पैसे जिंकायच्या ऑनलाइन खेळांवर संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये कायदा करून बंदी आणली आहे. लुडोच्या नावाखाली असे प्रकार खूप चालायचे, गावोगावची तरणी मुलं त्यात अडकली. म्हणून कसोटी सोपी ठेवा: खेळायला रुपये टाका आणि जिंकलात तर रुपये मिळतील असं कुठलंही ॲप सांगत असेल, तर ते फोनमध्ये ठेवायचं नाही.

मुलाच्या हातात टॅब देण्याआधी प्ले स्टोअरमध्ये प्रत्येक खरेदीला पासवर्ड किंवा बोटाचा ठसा मागण्याची सेटिंग चालू करा. खात्याला मुलाचं खरं नाव, शाळेचं नाव, फोटो देऊ नका. ‘काळाघोडा’सारखं एखादं टोपणनाव चालतं. लिचेसमध्ये मुलांसाठी ‘किड मोड’ आहे, तो लावला की गप्पांची खिडकी बंद होते. इतर ॲपमध्ये चॅट आणि व्हॉइस हाताने बंद करावे लागतात. मुलाने एकाच खेळात राहावं असं वाटत असेल तर अँड्रॉइडमध्ये ॲप पिन करायची सोय आहे, बाहेर येताना पिन नंबर मागण्याची सेटिंगही तिथेच चालू करा.

फोन बदलताना

नवा फोन घेतला की जुना लगेच पुसू नका. विकत घेतलेली ॲप त्याच गूगल किंवा ॲपल खात्याने नव्या फोनवर पुन्हा मोफत मिळतात, पण चालू असलेले डाव आणि गुण तुमच्या खेळाच्या खात्यात असतात. ‘गेस्ट’ म्हणून खेळत असाल तर ते जुन्या फोनबरोबर जातात. म्हणून जुन्या फोनवर खेळाच्या सेटिंगमध्ये जाऊन ते ईमेलशी जोडा, नव्या फोनवर त्याच ईमेलने आत शिरा, आणि भाच्याशी चालू असलेला डाव तिथे दिसतोय याची खात्री करूनच जुना फोन दुकानदाराच्या हातात द्या.